डागडुजी आणि सुधारणा: घटस्फोट चालू असताना घराचा खर्च कसा वाटायचा

गवंडी कोटेशन देतो तेव्हा कागदाच्या तळाला एकच बेरीज असते. कोबा, गिलावा, पत्रा, रंग, मजुरी, एकूण इतके. त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे, काम एक आणि उचलही एक. पण घराच्या दोन मालकांचं घटस्फोटाचं प्रकरण चालू असेल तर त्या बेरजेत दोन वेगळे खर्च एकत्र झालेले असतात. ते आधी सुटे केले नाहीत तर दोन वर्षांनी दोन्ही वकील त्याच कागदावर वाद घालतात.

डागडुजी म्हणजे घर होतं तसं टिकवण्याचा खर्च. तो केला नाही तर घराची किंमत उतरते किंवा आत राहणं धोक्याचं होतं. सुधारणा म्हणजे घरात नव्हतं ते आणणं किंवा होतं त्यापेक्षा भारी बसवणं. डागडुजी प्रत्यक्ष बिलावर, मालकीच्या प्रमाणात आणि शक्यतो लगेच वाटायची. सुधारणेचा हिशेब संमती होती का यावर सुरू होतो, आणि मोजायचं ते खर्च किती झाला हे नव्हे, तर घराची किंमत किती वाढली हे.

या फरकामागे कायदाही आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 70 प्रमाणे एखाद्याने फुकटात देण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई मागता येते. गळका स्लॅब वाचला, हा लाभ दोन्ही मालकांना नाकारता येत नाही. मॉड्युलर किचनबद्दल मात्र दुसरा सरळ म्हणू शकतो, ‘मी मागितलंच नव्हतं.’ घरपट्टीसारखी रक्कम दुसऱ्यानेही भरायची होती आणि एकट्याने भरली, तर कलम 69 उपयोगी पडतं.

या दोन्हींच्या आधी एक प्रश्न सोडवायचा: घर कोणाच्या नावावर आहे? आपल्याकडे लग्न झालं म्हणून जोडीदार आपोआप सहमालक होत नाही. खरेदीखत बघा, सिटी सर्व्हेत असेल तर प्रॉपर्टी कार्ड बघा. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवतात, पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर डागडुजी त्यांची. सुनेचा तिथे राहण्याचा हक्क कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, 2005 खाली येऊ शकतो, पण राहण्याचा हक्क म्हणजे स्लॅबच्या खर्चात वाटा नव्हे. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल आणि गच्चीतून पाणी येत असेल, तर तो खर्च सहसा सोसायटीचा असतो. नवरा-बायकोने आपसात भांडण्याआधी सचिवांना पत्र द्यावं.

बारीकसारीक वापराचा खर्च तर या वादात आणूच नये. नळाचा वॉशर, मोटारीचा कॅपॅसिटर, टाकी धुणं, ट्यूबलाइट, हे घरात राहणाऱ्याने सोसावं. पन्नास-शंभराच्या पावत्या हिशेबात घातल्या की मोठ्या पावतीवरचाही समोरच्याचा विश्वास उडतो.

आता सांगली-मिरजेकडे या दोन गोष्टी सगळ्यात जास्त जिथे गोंधळतात ती जागा: गच्ची. स्लॅब गळतो म्हणून वर लोखंडी अँगल उभे करून पत्रा टाकला, आणि हिशेबात लिहिलं ‘गळतीचं काम’. पत्रा पावसाचं पाणी अडवतो हे खरं. पण पाणी वरच्या टाकीच्या पाइपातून झिरपत असेल तर पत्र्याखालीही ते झिरपतच राहतं. स्लॅबच्या सळ्यांना गंज चढून खालचं काँक्रीट सुटलं असेल, तर तेही पत्र्याने भरून येत नाही. शिवाय पत्र्याने एक झाकलेली, वापरता येणारी जागा तयार होते. म्हणजे त्यात डागडुजी थोडी आणि सुधारणा बरीच. महापालिकेची परवानगी घेतली नसेल तर शास्तीचा प्रश्न येतो तो वेगळाच, आणि ती शास्ती अर्थातच पत्रा टाकणाऱ्याने सोसायची.

गळतीची खरी डागडुजी अशी असते. सुटलेला जुना कोबा काढायचा. भेगा इंग्रजी व्ही आकारात कापून पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरायच्या. पॅरापेट आणि स्लॅबच्या सांध्यात गोलाई द्यायची. वॉटरप्रूफिंगचे दोन हात आडवे-उभे मारायचे. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, दर 10 फुटांना साधारण सव्वा इंच उतार ठेवून. मग पावसाळी पाइपाचं तोंड बंद करून 48 तास पाणी कोंडून ठेवायचं आणि खालून बघायचं. ही चाचणी न घेता शेवटचा हप्ता दिला की पुढच्या जूनमध्ये ओल पुन्हा दिसते, आणि हा दुसरा खर्च कोणाचा यावर नवं भांडण सुरू होतं. खालून सळ्या उघड्या पडल्या असतील तर सैल काँक्रीट पूर्ण ठोकून काढायचं, सळी ब्रशने लख्ख घासायची, गंजरोधक लावायचं, मगच मॉर्टर चढवायचं. गंजावरच गिलावा केला तर सळी आतून फुगत राहते आणि एक-दोन पावसाळ्यांत पोपडा पुन्हा सुटतो.

वाटणीसाठी आमचा नियम साधा आहे: दोष दूर करणाऱ्या सगळ्यात स्वस्त टिकाऊ उपायाची किंमत ही डागडुजी, त्याच्या वरचं सगळं सुधारणा. आकडे फक्त समजण्यासाठी घेऊ. 600 चौरस फूट गच्ची आहे. कोबा आणि वॉटरप्रूफिंगचं कोटेशन 66,000 रुपये. पत्रा टाकला तर 1,62,000. नवऱ्याने पत्रा टाकला. बायकोकडून त्याला 81,000 मागता येणार नाहीत. निम्मी मालकी असेल तर 66,000 चे निम्मे, म्हणजे 33,000 मागता येतील, तेही पत्र्याने ती गळती खरोखर थांबली असेल तर. खरेदीखतात मालकी 60:40 लिहिली असेल तर 40 टक्केवाल्याचे 26,400. उरलेले 96,000 ही सुधारणा.

त्या 96,000 चं काय? घर विकताना किंवा एकाने दुसऱ्याचा हिस्सा घेताना नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून दोन आकडे मागवायचे, पत्र्यासह आणि पत्र्याविना. दोघांतला फरक 50,000 आला तर तेवढीच सुधारणा शिल्लक आहे. दुसऱ्याने लेखी संमती दिली असेल आणि घर 40,00,000 ला गेलं, तर 50,000 आधी खर्च करणाऱ्याला, मग उरलेले 39,50,000 मालकीच्या प्रमाणात. संमती नसेल तर त्या 50,000 साठीही भांडावं लागतं. मूल्यनिर्धारकाने ‘पत्रा काढावा लागेल’ असं लिहिलं तर फरक शून्याच्या खालीही जाऊ शकतो.

बाथरूमचा पेच जरा नाजूक आहे, कारण तिथे डागडुजी करायची तर जुन्या टाइल फोडाव्याच लागतात. खालच्या छताला ओल आली की आधी कारण शोधा. भिंतीतली पाइप आहे का, हे प्लंबरने हातपंपाने दाब देऊन बघावं. गेजचा काटा खाली आला तर पाइप फुटलेली. तो जागेवर राहिला तर संशय नहाणी ट्रॅपच्या सांध्यावर आणि खालच्या थरावर. नुसते टाइलचे सांधे व्हाइट सिमेंटने भरणं म्हणजे पैसे पाण्यात. ट्रॅपच्या कडेने पाणी जातच राहतं. लादी काढून, थर साफ करून, फरशीवर आणि भिंतीवर किमान एक फूट उंचीपर्यंत वॉटरप्रूफिंग करायचं, 48 तास पाणी भरून ठेवायचं, मग टाइल.

इथपर्यंतचा सगळा खर्च, मजुरी आणि राडारोडा उचलण्यासकट, डागडुजी. नव्या टाइलही डागडुजीतच, पण जुन्या दर्जाच्या भावाने. 5 बाय 8 फुटांच्या बाथरूमला फरशी 40 चौरस फूट. भिंतींना 7 फुटांपर्यंत, दार वजा करून, साधारण 165. तुटफुटीसह 225 चौरस फूट धरा. जुन्या दर्जाची टाइल 45 रुपये फूट असताना 110 ची बसवली, तर फरक 65 गुणिले 225, म्हणजे 14,625 रुपये. ही सुधारणा. बिलात हा आकडा वेगळा लिहून घ्या, दुकानदार लिहून देतो. साध्या नळाच्या जागी भारी डायव्हर्टर बसवला तर त्यालाही हाच न्याय.

पुराचा विषय या भागात टाळता येत नाही. 2019 आणि 2021 मध्ये कृष्णेने आयर्विन पुलाजवळची 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि गावभाग, सांगलीवाडीकडच्या घरांत पाणी शिरलं. अशा घरात भिजलेलं वायरिंग बदलणं ही डागडुजी. मीटर आणि मुख्य बोर्ड वर नेणं ही काटेकोरपणे बघितलं तर सुधारणा, पण ती दोघांनी डागडुजीतच धरावी असं आमचं मत आहे. वायर नाहीतरी नव्याने ओढायचीच असते, वाढीव खर्च फारसा नसतो, आणि पुढच्या पुरात तोच बोर्ड पुन्हा बदलावा लागत नाही. जोतं उचलणं किंवा वर खोली बांधणं मात्र सुधारणाच.

पुरानंतरच्या खर्चात दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, सानुग्रह मदत किंवा विम्याची रक्कम एकाच्या खात्यावर येते आणि बिल मात्र पूर्ण वाटायला काढलं जातं. घरासाठी आलेली मदत आधी वजा करायची, मग उरलेलं वाटायचं. दुसरी, भिंत वाळायच्या आत पुट्टी आणि रंग. क्षार वर येतात, काही महिन्यांत रंग सोलून पडतो. घाई ज्याने केली, दुसरा रंग त्याचा. काळ्या मातीवरच्या घरांना उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथेही हेच. भेग बुजवण्याआधी तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. पट्टी तडकली तर पाया हलतोय. आधी अभियंता, मग गवंडी.

कामाची पद्धत. काम सुरू होण्याआधी तारखेसह फोटो काढा, दोन कोटेशनं घ्या आणि गवंड्याला दोन कागद करायला लावा, एक डागडुजीचा आणि एक सुधारणेचा. दोन्ही समोरच्याला व्हॉट्सअॅपवर आणि स्पीड पोस्टाने पाठवा, उत्तराला 7 दिवस द्या. पाइप फुटली, छताचा तुकडा पडला, वायर जळाली तर थांबू नका. फोटो, एक संदेश आणि काम. पैसे खात्यातून द्या. रोखीने दिलेलं आणि कच्च्या बिलावरचं काम न्यायालयात सिद्ध करणं जड जातं. व्हॉट्सअॅपचे संदेश पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून नुसते स्क्रीनशॉट ठेवून जुना फोन विकू नका.

न्यायालयाचा ‘जैसे थे’ आदेश असेल तर हा फरक आणखी धारदार होतो. नवं बांधकाम म्हणजे आदेशाचा भंग होऊ शकतो. डागडुजीसाठीही फोटो आणि कोटेशन जोडून अर्ज द्यावा. पावसाळ्याआधीचं काम असेल तर अर्ज मार्चमध्येच टाका, मेमध्ये नको. वळीव तारखेची वाट बघत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डागडुजीचे पैसे पोटगीतून परस्पर कापणं. ‘मेंटेनन्स’ हा शब्द आपण पोटगीलाही वापरतो, सोसायटीच्या वर्गणीलाही आणि घराच्या देखभालीलाही. त्यामुळे अनेकांना हे सगळं एकाच खात्यातलं वाटतं. तसं नाही. न्यायालयाने ठरवलेली पोटगी पूर्ण भरायची. तिच्यातून काही वजा करायचं असेल तर त्याच न्यायालयाचा आदेश लागतो. गृहकर्जाचा हप्ताही डागडुजीत मिसळायचा नाही, त्याचा हिशेब स्वतंत्र वहीत.

संमतीने घटस्फोट असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब प्रमाणे पहिल्या अर्जानंतर सहसा किमान 6 महिने जातात. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात ही मुदत माफ होऊ शकते, पण त्यावर विसंबून राहू नये. त्या 6 महिन्यांत एक पावसाळा येऊ शकतो. म्हणून समझोत्याच्या अटींत असं वाक्य घालून घ्या: ‘आजपासून घराचा ताबा किंवा हिस्सा हस्तांतरित होईपर्यंत, परिशिष्टात लिहिलेल्या प्रकारची डागडुजी उभयता निम्मी सोसतील, 10,000 रुपयांवरच्या कामाला लेखी कळवणं आवश्यक, लेखी संमतीशिवाय केलेल्या सुधारणेबद्दल कोणीही मागणी करणार नाही.’ आकडा तुमच्या घराप्रमाणे बदला. परिशिष्टात कामांची नावं लिहा. ‘किरकोळ दुरुस्ती’ असा मोघम शब्द पुढे दोघांनाही नडतो.

सुधारणेची बिलं दोघांनीही जपून ठेवावीत, अगदी ज्याने विरोध केला त्यानेही. घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात सुधारणेचा खर्च धरता येतो, नेहमीच्या डागडुजीचा येत नाही.

आणि वादाचं प्रकरण लांबलं तर कॅलेंडर बघा. दुसऱ्याच्या वतीने भरलेले पैसे मागण्याची मुदत मुदत कायदा, 1963 प्रमाणे पैसे भरल्यापासून 3 वर्षे आहे, आणि घटस्फोटाचा निकाल त्याहून लांब जाऊ शकतो. ती संपण्याआधी समोरच्याकडून ‘अमुक रकमेतला माझा हिस्सा देणं बाकी आहे’ असं सहीनिशी लिहून घेतलं तर सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. सही मिळत नसेल तर तिसरं वर्ष उलटण्याआधी वकिलाकडून दावा दाखल करून घ्यावा. नुसती नोटीस पाठवून मुदत वाढत नाही.