न्यूट्रॉन फिल्म बॅज : आपल्या अहवालातला आकडा कसा येतो

किरणोत्सर्गाजवळ काम करणारे अंगावर बॅज लावतात; त्यांना किती किरणोत्सर्ग लागला, म्हणजेच त्यांचा डोस, त्यातल्या फिल्मवरून कळतो. गॅमा किंवा क्ष-किरणांच्या बॅजमध्ये फिल्म किती काळवंडली हे पाहून डोस काढतात. वेगवान न्यूट्रॉनच्या बाबतीत ते जमत नाही. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्याने तो फिल्मवर थेट काही उमटवत नाही. पण फिल्ममधल्या जिलेटिनमध्ये आणि वेष्टनात हायड्रोजन असतो. न्यूट्रॉनची धडक बसून त्यातला प्रोटॉन उडतो आणि इमल्शनमधून (फिल्मवरच्या चांदीचे क्षार असलेल्या जिलेटिनच्या थरातून) जाताना माग सोडतो. प्रोटॉनचे असे माग फोटोच्या काचेवर मारिएटा ब्लाउ यांनी व्हिएन्नात १९२५ साली दाखवले होते.

डेव्हलप केल्यावर माग म्हणजे चांदीच्या बारीक काळ्या कणांची एक रांग दिसते. १ एमईव्ही (कणांच्या ऊर्जेचे एकक) ऊर्जेच्या प्रोटॉनची रांग मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून जराशीच लांब भरते. मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली, फोकस वरखाली करत, ठरलेल्या क्षेत्रातले माग एकेक करून मोजावे लागतात. निदान तीन-चार कण सरळ ओळीत आले तरच तो माग धरायचा. त्यातून कंट्रोल बॅजवरचे (कोणी न लावलेल्या, फक्त तुलनेसाठी ठेवलेल्या बॅजवरचे) माग वजा करायचे आणि ज्ञात डोस दिलेल्या फिल्मशी ताडून मिलिसीव्हर्ट या डोसच्या एककात आकडा काढायचा. काम वेळखाऊ आहे. अहवालाला दिवस लागतात ते यामुळेच.

अहवालात शून्य आले म्हणजे न्यूट्रॉन लागलेच नाहीत, असे कृपया समजू नका. साधारण ०.७ एमईव्हीच्या खालच्या न्यूट्रॉनचे माग इतके आखूड असतात की ओळखूच येत नाहीत. अमेरिशियम-बेरिलियम किंवा कॅलिफोर्नियम-२५२ हे न्यूट्रॉन देणारे स्रोत उघडे हाताळताना फिल्म चांगले काम देते. जाड शिल्डिंगच्या (किरणोत्सर्ग अडवणाऱ्या आवरणाच्या) मागे मात्र बरेचसे न्यूट्रॉन मंदावून आलेले असतात आणि फिल्म खरा डोस कमी दाखवते. तिथे काम करणाऱ्यांना आम्ही सीआर-३९ प्लास्टिकचा बॅज घ्यायला सांगतो. तो बराच खालच्या ऊर्जेपर्यंत मोजतो आणि गॅमाने बिघडत नाही. फिल्मवर गॅमाचा मारा जास्त झाला, तर सगळी पार्श्वभूमी काळी होऊन माग त्यात हरवतात.

याहून मोठा शत्रू म्हणजे दमट हवा आणि उष्णता. डेव्हलप होण्याआधीच माग पुसट होत जातात, दमटपणात तर काही आठवड्यांतच. एकदा पुसलेला माग कोणत्याही उपायाने परत येत नाही. त्या व्यक्तीच्या डोसची नोंद कायमची जाते. म्हणून फिल्म ओलावा शोषणाऱ्या पुडीसह सीलबंद पाकिटात येते. ते पाकीट उघडू नका, टाचणी टोचू नका. बॅज उन्हातल्या गाडीत किंवा गरम यंत्राजवळ ठेवू नका. फिल्मवर न्यूट्रॉन कोणत्या दिशेने पडतात त्यावर मागांची संख्या बदलते, तेव्हा बॅज छातीवर, पुढची बाजू समोर ठेवूनच लावा. कंट्रोल बॅज स्रोतापासून दूर, कोरड्या जागी असू द्या. मुदत संपली की सगळे बॅज, न वापरलेलेसुद्धा, कंट्रोलसोबत त्याच दिवशी रवाना करा. पाकीट फाटले किंवा भिजले असेल तर तसे चिठ्ठीवर लिहा, म्हणजे ती फिल्म आम्ही आधी डेव्हलप करू.