व्यक्तिमत्त्व क्विझ

व्यक्तिमत्त्व क्विझ : सात-आठ प्रश्नांची उत्तरे घेऊन ‘तुम्ही असे आहात’ असे सांगणारा करमणुकीचा प्रकार. फोनच्या पडद्यावर चित्रांचे चौकोन येतात, त्यांतला एक दाबला की पुढचा प्रश्न येतो आणि दोन मिनिटांत निकाल समोर असतो : तुम्ही मांजर आहात, तुमचे शहर पॅरिस, गेल्या जन्मी तुम्ही राजकन्या होतात. यात बरोबर-चूक नसते, त्यामुळे नापास व्हायची भीतीही नसते. सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजूषेपासून हा प्रकार वेगळा पडतो तो इथेच. काही जण याला ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’ म्हणतात. पण चाचणी हा मानसशास्त्राच्या कामाचा शब्द आहे आणि या खेळाला तो जड होतो. बोलताना सगळे ‘क्विझ’च म्हणतात, म्हणून या नोंदीत तोच शब्द ठेवला आहे.

क्विझ कशी रचतात

क्विझ शेवटाकडून लिहायला घेतात. आधी निकाल ठरतात, मग प्रश्न सुचतात. समजा, ‘तुम्ही कोणता आंबा आहात?’ अशी क्विझ करायची आहे. तर हापूस, पायरी, केसर आणि रायवळ हे चार निकाल आधी लिहून काढायचे : हापूस थाटामाटाचा, पायरी रसाळ आणि माणसांत मिसळणारी, केसर नीटनेटका, रायवळ मोकळाढाकळा आणि नावाची पर्वा नसलेला. मग प्रश्न : ‘लग्नाला गेलात की आधी कुठे वळता?’ पर्याय चार : पुढच्या रांगेतल्या खुर्चीकडे, मावश्या-आत्यांच्या घोळक्यात, आहेराची पाकिटे सांभाळायला, थेट पंगतीकडे. यातला प्रत्येक पर्याय एकेका आंब्याच्या खाती एक गुण टाकतो आणि शेवटी ज्याची बेरीज जास्त, तो तुमचा आंबा. फेसबुकवर एका काळी खूप चाललेल्या काही ॲपमध्ये तर एवढेही नव्हते. नाव आणि फोटो घेऊन ते कोणताही एक निकाल उचलून देत.

खरी कारागिरी असते ती निकालाच्या मजकुरात. इथे वाईट निकाल लिहायचाच नसतो. ज्याला रायवळ मिळाला त्यालाही रायवळ निघाल्याचा आनंद झाला पाहिजे. म्हणून आधी एक गुण सांगतात, मग आवडावा असा एखादा दोष, आणि शेवटी मनाला भिडणारी एक ओळ : ‘तुम्ही पटकन मोकळे होत नाही, पण एकदा माणूस आपला म्हटलात की शेवटपर्यंत सोडत नाही.’ ही ओळ वाचून ‘छे, मी असा नाही’ म्हणणारा माणूस शोधून सापडणार नाही. का सापडणार नाही, याचे उत्तर १९४८ मध्येच मिळालेले आहे.

फोररचा वर्ग

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी त्या वर्षी आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. आठवड्याने प्रत्येकाच्या हाती त्याच्या नावाचे एक स्वभाववर्णन दिले आणि ते किती जुळते याला ० ते ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. चाचणी चांगली उतरली असे कोणाला वाटते, हे विचारल्यावर जवळपास सगळ्यांचे हात वर गेले. मग फोरर यांनी वर्णनातले पहिले वाक्य मोठ्याने वाचले आणि असे काही तुमच्याही कागदावर आहे का, म्हणून विचारले. पुन्हा सगळे हात वर! त्या क्षणी वर्ग हसत सुटला. ३९ जणांना एकच कागद मिळाला होता, अक्षर न अक्षर तोच.

त्या कागदावर १३ वाक्ये होती आणि त्यांतली बरीचशी पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेली होती. लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे असे तुम्हाला फार वाटते. बाहेरून तुम्ही शिस्तीचे दिसता, पण आत काळजी कुरतडत असते. कधी तुम्ही चारचौघांत रमता, तर कधी एकटे राहावेसे वाटते. अशा धर्तीची ही वाक्ये. यातले शेवटचे वाक्य मुद्दाम पाहण्यासारखे आहे. त्यात दोन्ही टोके सांगून टाकलेली असल्याने माणूस कोणत्याही टोकाचा असला तरी ते चुकत नाही. फोरर यांनी हा प्रयोग १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९५६ मध्ये पॉल मील यांच्या लेखातून, अमेरिकी सर्कसवाला पी. टी. बार्नम याच्या नावावरून, या प्रकाराला ‘बार्नम परिणाम’ म्हणू लागले. फ्रान्समध्ये मिशेल गोकलँ यांनी १९६८ च्या सुमारास जाहिरात देऊन मागणाऱ्यांना फुकट पत्रिका पाठवल्या. त्या सगळ्या एकाच माणसाच्या जन्मवेळेवरून केलेल्या होत्या, आणि तो माणूस म्हणजे अनेक खुनांबद्दल १९४६ मध्ये देहदंड झालेला डॉक्टर मार्सेल पेट्यो. १५० जणांपैकी ९४ टक्क्यांनी ‘हे माझेच वर्णन आहे’ असे कळवले.

हे वाचून क्विझ खेळणाऱ्याला भोळा ठरवणे अन्यायाचे होईल. आपल्याला कोणीतरी काही विचारावे, लक्ष देऊन ऐकावे आणि मग आपल्याबद्दल दोन शब्द बोलावे, ही इच्छा अगदी साधी आहे. दिवसभरात तेवढी सवड कोणालाच नसते. क्विझ ती दोन मिनिटांपुरती काढते, आणि माणसे तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळतात ती त्यासाठी.

इंटरनेटच्या आधी

पहाटे कंदील घेऊन दारी येणारा पिंगळा, कुडमुडे वाजवत भविष्य सांगणारा जोशी आणि पिंजऱ्यातल्या पोपटाकडून चिठ्ठी काढून घेणारा ज्योतिषी हे याच घराण्यातले. पण क्विझचा सगळ्यात जवळचा नातेवाईक रेल्वेच्या फलाटावर उभा असे. मुंबईत लोकलने फिरलेल्या कोणालाही तो वजनकाटा आठवेल : कपाटाएवढा उंच, काचेआड गरगर फिरणारी चकती, लुकलुकणारे लाल-हिरवे दिवे. पायठ्यावर उभे राहायचे, चकती थांबली की नाणे टाकायचे. आत खडखड होई आणि खालच्या खाचेत पुठ्ठ्याचे एक तिकीट येऊन पडे. त्यावर वजन छापलेले असे आणि सोबत स्वभावाची किंवा भविष्याची एक ओळ : तुम्ही दिलदार आहात, तुमचा मित्रपरिवार मोठा आहे. वजनाचा आकडा माणूस विसरून जाई, पण ती ओळ बरोबरच्यांना वाचून दाखवल्याशिवाय गाडीत चढत नसे. निकाल शेअर करणे म्हणतात ते हेच, फक्त तेव्हा हातात तिकीट होते.

दुसरे मूळ वहीचे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घरी आलेल्या पाहुण्यांपुढे छापील प्रश्नांची वही ठेवायची पद्धत होती : आवडता रंग कोणता, सुख कशात वाटते, कोणत्या दोषाला क्षमा कराल. फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्त यांनी पोरवयात मैत्रिणीच्या अशाच एका वहीत लिहिलेली उत्तरे १९२४ मध्ये उजेडात आली, आणि २००३ च्या लिलावात ती पाने १,०२,००० युरोंना गेली. आपल्याकडे दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवसांत हातोहात फिरणारी स्लॅम बुक ही त्याच वहीची नात. चमकी लावलेले कव्हर, ‘तुझा क्रश कोण?’ या प्रश्नापुढे मुद्दाम मारलेली रेघ आणि पान उलटून आधी बाकीच्यांची उत्तरे वाचणारी मुले. तिथे निकाल नसे, पण चुरस उत्तरांची असे.

व्यक्तिमत्त्व क्विझ समजून घेताना हा फरक हाताशी ठेवावा. निकाल कोणालाही लागू पडतो. उत्तरे मात्र ज्याची त्याचीच असतात. पुढचा सगळा इतिहास या दोहोंपैकी कोणाला कशाची किंमत कळली, याचा आहे.

वेबवरचा बहर

जोना पेरेटी यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या बझफीड या संकेतस्थळाने २०१३-१४ मध्ये क्विझला पेव फोडले. तुम्ही खरे तर कोणत्या शहरात राहायला हवे, असे विचारणारी त्यांची जानेवारी २०१४ ची क्विझ सुमारे २ कोटी वेळा पाहिली गेली. लोकांना शहराची माहिती नको होती, ‘मला पॅरिस आले, तुला काय आले?’ हे विचारायचे होते. मराठीतही फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर गेल्या जन्माच्या, नावाच्या पहिल्या अक्षराच्या, ‘एक अंक निवडा आणि स्वभाव ओळखा’ अशा खेळांची रांग लागली.

ज्या पानांवर या क्विझ येत, त्याच पानांवर विचित्र बातम्याही येत, आणि हा योगायोग नाही. नवलाच्या बातमीला जुनी परंपरा आहे. रॉबर्ट रिपली यांचे जगातली आश्चर्ये सांगणारे चित्रसदर न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात १९१८ मध्ये सुरू झाले, आणि ‘ऐकावे ते नवलच’ छापाचे चौकट-सदर मराठी वाचकाला नवे नाही. युद्ध, महागाई, अपघात यांनी भरलेल्या पानावर तो कोपरा श्वास घ्यायला जागा देतो. क्विझही तेच करते. हे दोन्ही प्रकार २६ फेब्रुवारी २०१५ रोजी एकाच जागी येऊन भेटले. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये सुटलेल्या दोन लामा प्राण्यांचा पाठलाग त्या दिवशी टीव्हीवर थेट दिसत होता, आणि त्याच संध्याकाळी बझफीडवर एका ड्रेसचा फोटो आला : हा पांढरा-सोनेरी की निळा-काळा? एका छताखाली बसलेल्या माणसांना तो वेगवेगळा दिसत होता. ड्रेस खरोखर निळा-काळा होता. फोटोतला उजेड कसला आहे याचा मेंदू आपल्या परीने अंदाज बांधतो आणि तो उजेड वजा करून रंग ठरवतो. अंदाज वेगळा, म्हणून रंग वेगळा. त्याच वर्षी छापून आलेल्या एका अभ्यासात १,४०१ जणांपैकी ५७ टक्क्यांना निळा-काळा आणि ३० टक्क्यांना पांढरा-सोनेरी दिसला. एक प्रश्न, दोन पर्याय आणि घरोघरी वाद. इतकी छोटी आणि इतकी चांगली क्विझ पुन्हा झाली नाही.

उत्तरांची किंमत

केंब्रिज विद्यापीठातले संशोधक अलेक्झांडर कोगन यांनी फेसबुकवर एक व्यक्तिमत्त्व क्विझ चालवली होती. ती सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी सोडवली. पण तेव्हाच्या नियमांप्रमाणे ॲपला सोडवणाऱ्याच्या मित्रांचीही माहिती मिळत असे, आणि ती सगळी केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचे काम करणाऱ्या कंपनीकडे गेली. मार्च २०१८ मध्ये हे उघड झाले. झळ बसलेल्यांचा आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत असू शकतो, असे फेसबुकने सांगितले. भारताचा हिशेब तर मन लावून वाचावा असा आहे : ॲप घेतले ३३५ जणांनी आणि माहिती गेली असण्याची शक्यता ५ लाख ६२ हजारांहून अधिक लोकांची. ज्याने आयुष्यात एकही क्विझ सोडवली नाही, त्याचीही माहिती चुलतभावाच्या हौसेपायी जाऊ शकत होती. अमेरिकेत फेसबुकला २०१९ मध्ये ५ अब्ज डॉलरचा दंड झाला, त्याच वर्षी कंपनीने अशी क्विझ-ॲप बंद केली, आणि भारतात सीबीआयने जानेवारी २०२१ मध्ये गुन्हा नोंदवला.

उत्तरांतून किती कळते, याचा अंदाज आधीच आला होता. फेसबुकवरच्या ५८,४६६ स्वयंसेवकांच्या नुसत्या ‘लाइक’वरून त्यांच्या स्वभावाचे आणि विचारांचे अंदाज बांधता येतात, असे २०१३ च्या एका शोधनिबंधात दाखवले गेले. त्यात ‘कर्ली फ्राइज’ला, म्हणजे बटाट्याच्या कुरळ्या तळलेल्या कापांना, लाइक करणे हे तल्लख बुद्धीचे एक चिन्ह निघाले, आणि ती स्वतःच जगभर फिरलेली विचित्र बातमी झाली. पाळीव प्राण्याचे पहिले नाव, शाळा, आईचे माहेरचे आडनाव असे विचारणारे खेळ याहून थेट धोक्याचे, कारण बँक खात्याच्या सुरक्षेसाठी हेच प्रश्न विचारले जातात. अशा खेळात उत्तर देऊ नये.

चाचणी आणि क्विझ

मानसशास्त्राच्या चाचण्यांचा प्रवास वेगळा आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांमधली मानसिक ताणाची लक्षणे हेरण्यासाठी रॉबर्ट वुडवर्थ यांनी ‘हो-नाही’ उत्तरांची प्रश्नावली बनवली, आणि ती वापरात येईपर्यंत युद्ध संपले. कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींची १६ प्रकारांची चाचणी कार्ल युंग यांच्या विचारांवरून उभी राहिली. कंपन्यांच्या शिबिरांत आजही ती घेतात, पण काही आठवड्यांनी पुन्हा सोडवली की अनेकांचा प्रकार बदलतो. संशोधक जास्त विश्वास ठेवतात तो पाच घटकांच्या पद्धतीवर. तिथे माणसाला कप्प्यात न टाकता पट्टीवर कुठे आहे ते पाहतात. ‘तुम्ही हापूस’ असे ठणकावून सांगणे तिला जमत नाही, म्हणून ती कधी गाजलीही नाही.

तरीही करमणूक आणि खरेपणा एकत्र आल्याचे एक उदाहरण आहे. २०१३ च्या डिसेंबर अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जॉश कॅट्झ यांची २५ प्रश्नांची क्विझ दिली. तुम्ही अमुक वस्तूला काय म्हणता, एवढेच ती विचारे आणि तुमची बोली अमेरिकेच्या कोणत्या भागातली ते नकाशावर रंगवून दाखवी. वर्षातले मोजके दिवस मिळूनही ती त्या वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर त्या साली सर्वांत जास्त पाहिली गेली. तिच्या मुळाशी हार्वर्डमधल्या बोली सर्वेक्षणाचे प्रश्न होते, म्हणून निकाल प्रत्येकाचा वेगळा आणि बहुतेकदा बरोबर येई.

मराठीत अशी क्विझ व्हावी असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते, आणि तिचा कच्चा माल पुण्यात तयार आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून गावोगावच्या बोलणाऱ्यांकडून शब्द गोळा केले आहेत. स्वतःच्या मुलाला तुमच्या घरी काय म्हणतात, एवढा एक प्रश्न विचारला तरी मालवणकडून ‘झील’ येईल, वऱ्हाडातून ‘पोट्टा’, खानदेशातून ‘आंडोर’, आणि कुठून कुठून ‘लेक’, ‘ल्योक’, ‘पोरगा’.