१६०० (स्कॉटलंड)

स्कॉटलंडच्या शासकीय कालगणनेत १ जानेवारीला सुरू झालेले पहिले वर्ष. तोवर तिथे नवे साल २५ मार्चला लागत असे. राजा जेम्स सहावा याच्या प्रिव्ही कौन्सिलने (राजाच्या सल्लागार मंडळाने) १७ डिसेंबर १५९९ रोजी हुकूम काढून ही रीत बदलली आणि १५९९ हे साल २८२ दिवसांतच संपले. शेजारच्या इंग्लंडने जुनी रीत १७५१ पर्यंत चालू ठेवली. म्हणून जानेवारी ते २४ मार्च या काळातील एकाच दिवसावर दोन्ही देशांच्या कागदांत वेगवेगळे साल सापडते. मराठी वाचकाला १६०० हे साल ठाऊक असते ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेमुळे. ती सनद लंडनची, आणि स्कॉटलंड तेव्हा स्वतंत्र राज्य होते.

या वर्षातील सर्वांत वादग्रस्त घटना ५ ऑगस्टची. फॉकलंड इथे शिकारीला निघालेल्या राजाला अलेक्झांडर रुथ्वेन या तरुणाने गाठले आणि सोन्याची नाणी भरलेला हंडा घेऊन फिरणारा एक अनोळखी माणूस पकडल्याचे सांगितले. शिकार आटोपून राजा त्याच्याबरोबर पर्थ शहरी, त्याचा थोरला भाऊ गाउरीचा अर्ल जॉन याच्या वाड्यात गेला. जेवणानंतर राजा व अलेक्झांडर वरच्या मजल्यावर गेले. मागची दारे बंद झाली. राजा घोड्यावरून निघून गेला, असे खाली सोबत्यांना सांगण्यात आले. तेवढ्यात बुरुजाच्या खिडकीतून राजाचीच ‘घात, घात’ अशी हाक आली. जॉन रॅम्झी हा सेवक धावत वर गेला. त्या झटापटीत दोन्ही भाऊ ठार झाले.

राजाच्या म्हणण्याप्रमाणे हा त्याला मारण्याचा कट होता. पण बंद दाराआड काय घडले हे सांगायला रुथ्वेन बंधू उरले नव्हते. जुने वैरही होते: त्यांच्या वडिलांनी १५८२ मध्ये बालराजाला ताब्यात ठेवले होते आणि १५८४ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला होता. शिवाय राजा या घराण्याचे मोठे देणे लागत होता. एडिंबरातील धर्मोपदेशकांनी आभारप्रार्थनेत राजाची हकीकत जशीच्या तशी सांगायला नकार दिला. पुढे इतर नमले. त्यांच्यातला रॉबर्ट ब्रूस नमला नाही आणि हद्दपार झाला. आपल्याला खात्री नसलेली गोष्ट व्यासपीठावरून खरी म्हणून सांगायची नाही, हा त्याचा आग्रह या सगळ्या प्रकरणातील सर्वांत स्वच्छ गोष्ट वाटते.

शरद ऋतूत राजाने तीन बिशप नेमून चर्चवरील पकड घट्ट केली. नोव्हेंबरात संसदेने मृत भावांना राजद्रोही ठरवले, मालमत्ता जप्त केली आणि रुथ्वेन हे आडनावच रद्द केले. १९ नोव्हेंबरला एडिंबरात त्यांची प्रेते फाशी देऊन तोडण्यात आली. त्याच दिवशी डनफर्मलिनच्या राजवाड्यात राजपुत्र चार्ल्स जन्मला. पुढे राजा झालेल्या या चार्ल्सचा लंडनमध्ये शिरच्छेद झाला तो ३० जानेवारीला: स्कॉटिश गणनेने १६४९, इंग्रजी गणनेने १६४८.