झोपताना थंड दूध हा जळजळीवरचा उतारा नव्हे

सोलापुरात होस्टेलवर रात्री छातीत जळजळलं की "थंड दूध पी, शांत होईल" हा सल्ला ठरलेला. शांत होतं, पण थोडाच वेळ. दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. सायीचं दूध असेल तर पोट रिकामं व्हायलाही उशीर. मग पहाटे आंबट पाणी घशाशी येतं नि झोप मोडते.

खरं दुखणं म्हणजे साडेदहाला भाकरी-शेंगाचटणी चापून अकराला आडवं होणं. मध्ये 3 तास जाऊ द्या. (चटणी सोसत असेल तर दुपारी खुशाल खा.) उशांची चळत नको, कंबरेत वाकून पोटावर दाब येतो, कॉटच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून 15 ते 20 सेंटिमीटर उंची द्या. डाव्या कुशीवर झोपा. गिळताना घास अडकत असेल तर मात्र थेट डॉक्टर गाठा.