राजस्थानचा पाऊस, ऊन आणि दुष्काळ: आकड्यांमागची पार्श्वभूमी

राजस्थानात यंदा पाऊस किती झाला, या प्रश्नाला कायम दोन उत्तरे असतात. हवामान विभागाच्या लेखी पूर्व राजस्थान आणि पश्चिम राजस्थान हे स्वतंत्र उपविभाग आहेत. जून ते सप्टेंबरचे सरासरी पाऊसमान पूर्वेत सुमारे 625 मिलिमीटर, तर पश्चिमेत सुमारे 280. बातम्यांत झळकणारी साधारण 435 मिमीची राज्य सरासरी अरवलीला लागून असलेल्या चिंचोळ्या पट्ट्याबाहेर फारशी कुठे अनुभवाला येत नाही. जैसलमेरला वर्षाकाठी 200 मिमीही हाती लागत नाही आणि त्याच राज्यातले माउंट अबू दीड हजाराच्या घरात असते. दक्षिणेकडचे बांसवाडा, झालावाड तर पावसाच्या बाबतीत माळव्याचेच भाऊबंद.

शाळेत सांगतात की अरवली अरबी समुद्राच्या वाऱ्यांना समांतर असल्यामुळे ढग अडत नाहीत. ते खरे आहे, पण अपुरे. अधिक महत्त्वाचे घडते ते वरच्या हवेत. उन्हाळ्यात पाकिस्तान आणि वायव्य राजस्थानवर उष्णतेमुळे कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, त्याच्याकडे बाष्प ओढलेही जाते. मात्र बाष्पाचा हा थर उथळ असतो. त्याच्या वर पश्चिमेकडून आलेली, खाली उतरणारी कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते. ढग वर चढायला लागले की तिथेच विरतात. हे झाकण फुटते ते बहुधा बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र मध्य भारत ओलांडून पार पश्चिमेपर्यंत पोचते तेव्हा. ज्या वर्षी अशी क्षेत्रे वाटेतच विरतात किंवा हिमालयाच्या पायथ्याकडे वळतात, त्या वर्षी बाडमेर-जैसलमेर कोरडे.

मुदतही तोकडी. जुन्या हिशेबाने मान्सून पश्चिम टोकाला 15 जुलैला पोचायचा आणि 1 सप्टेंबरपासून परतू लागायचा, म्हणजे जेमतेम दीड महिना. 2020 मध्ये या तारखा सुधारून 8 जुलै आणि 17 सप्टेंबर करण्यात आल्या. हंगाम कागदावर लांबला. बाजरी, मटकी, गवार ही तिथली पिके साधारण 65 ते 90 दिवसांची. पेरणीजोगा पहिला 25-30 मिमीचा पाऊस जुलै सरेपर्यंत आला नाही, तर पुढे कितीही बरसला तरी बाजरीची वेळ टळलेली असते.

पावसाच्या खंडाचा हिशेब इथे मराठवाड्यापेक्षा वेगळा लावावा लागतो. आपल्या खोल काळ्या जमिनीत एक मीटरच्या थरात पिकाला उपयोगी पडेल असे दीडशे-दोनशे मिमी पाणी साठते. थर वाळवंटाच्या वाळूत ते 100 मिमीच्या आतच असते. भर वाढीतली बाजरी दिवसाला चार-पाच मिमी पाणी ओढते. म्हणजे जमीन पुरती भिजलेली असली तरी दोन-तीन आठवड्यांच्या उघडिपीत ओल संपते. पीक लहान असेल तर त्याहून आधी वारा वाळू उडवतो, रोपे भाजतात किंवा गाडली जातात आणि दुबार पेरणी येते. जैसलमेरला वर्षाचे संभाव्य बाष्पीभवन, म्हणजे पाणी असते तर जेवढे उडून गेले असते ते, सुमारे 2000 मिमी, म्हणजे पावसाच्या दहापट. उघड्या तळ्यात पाणी साठवून भागत नाही ते यामुळेच. तिथले जुने उपाय झाकलेले आहेत, नाहीतर जमिनीत मुरवणारे: पावसाचे पाणी साठवणाऱ्या बंदिस्त टाक्या, म्हणजे घरोघरचे टांके, वाळूखालच्या खडू-जिप्समच्या थरावर अडकलेले पाणी देणाऱ्या अरुंद कुई आणि उतारावरचे पाणी बांधाने अडवून त्याच ओलीवर रब्बी घेणारे पालीवाल ब्राह्मणांचे खडीन.

हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभामुळे, म्हणजे भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे, जो थोडा पाऊस पडतो त्याला तिकडे मावठ म्हणतात. मिलिमीटरमध्ये तो नगण्य, पण गहू-हरभऱ्याला सोन्याच्या मोलाचा. त्याच्या पाठोपाठ येणारे गोठलेले दहिवर मात्र मोहरी आणि जिऱ्याचा घास घेते.

तापमानातही हीच टोके. कोरडी हवा, निरभ्र आकाश आणि पटकन तापून पटकन निवणारी वाळू यांमुळे चुरूसारख्या एकाच ठिकाणी 1 जून 2019 रोजी 50.8 अंशांची नोंद झाली आणि हिवाळ्यात तिथेच पारा शून्याखाली जातो. देशातला आजवरचा उच्चांक फलोदीचा: 19 मे 2016 रोजी 51 अंश. त्याआधीचा, 1956 मधला 50.6 अंशांचा मान अलवरकडे होता, आणि अलवर वाळवंटात नाही. मे महिन्यातल्या अशा विक्रमांवर मथळे होतात, शेतीचे नुकसान मात्र जुलैतल्या 40 अंशांनी होते. पाऊस लांबला की जमीन उघडी राहते, तापत राहते आणि उरलीसुरली ओलही जाते.

इतिहास पाहिला तर तिथल्या लोकांनी ‘काळ’, म्हणजे दुष्काळ, मोजला तो तीन गोष्टींवर: धान्य, पाणी आणि चारा. तिन्ही एकदम गेले की त्रिकाळ. 1868-69 चा तसाच होता. मात्र सगळ्यांत खोल व्रण आहे तो विक्रम संवत 1956 च्या, म्हणजे 1899-1900 च्या छप्पनियाचा. त्याची मेख समजून घेण्यासारखी आहे. मारवाडात पाऊस गेला की गुरे घेऊन माळवा, सिंध किंवा गुजरातकडे जायचे, ही शेकडो वर्षांची रीत होती. त्या वर्षी गुजरात आणि माळवाही कोरडे गेले. जी वाट नेहमी वाचवायची तीच बंद झाली आणि माणसे-गुरे रस्त्यातच पडली. त्यात कॉलरा आणि हिवतापाची भर. 1891 च्या जनगणनेत जोधपूर संस्थानची लोकसंख्या 25 लाखांच्या वर होती. 1901 मध्ये ती 19 लाखांवर आली. पुढे बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांनी सतलजचे पाणी आणायचा ध्यास घेतला. त्यातून 1927 मध्ये गंग कालवा सुरू झाला.

छप्पनियानंतर दोन दशकेही झाली नव्हती तोच 1917 आणि 1918 ही जोडी आली. 1917 हे राजस्थानच्या नोंदींतले सर्वांत ओले वर्ष, आणि लगेच पुढच्या वर्षी मान्सूनने देशभर दगा दिला. या दोन वर्षांची सरासरी काढली तर ती अगदी सुखाची दिसते.

स्वातंत्र्यानंतर मोजणी सरकारी झाली. 1962 च्या राजस्थान दुष्काळ संहितेने ती गिरदावरीवर टेकवली: पटवारी (आपला तलाठी) शेतोशेत पाहून पिकाचे नुकसान लिहितो आणि त्यावरून गावे अभावग्रस्त, म्हणजे दुष्काळी, ठरतात. आपल्याकडच्या पैसेवारीचीच ही बहीण, आणि खोडही तीच. अहवाल हाती येतो तोवर चारा संपलेला असतो. 2016 च्या केंद्रीय नियमावलीने क्रम बदलला. आधी पावसाची तूट किंवा तीन-चार आठवड्यांचा खंड, मग पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी हिरवाई, जमिनीतली ओल आणि पाणीसाठे यांचे निर्देशांक, आणि शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पडताळणी. ही पद्धत अधिक काटेकोर आहे यात शंका नाही. पण ती पिकाभोवती फिरते, आणि पश्चिम राजस्थानचा संसार निम्मा जनावरांवर चालतो. चाऱ्याचे सेवण गवत उगवले नाही तर ते कोणत्याही पीकपाहणीत दिसत नाही.

1987 आणि 2002 या दोन्ही दुष्काळांत सगळे जिल्हे बाधित होते. बाधित जिल्ह्यांचे आकडे मात्र 27 आणि 32 असे दिसतात, कारण मधल्या काळात पाच नवे जिल्हे झाले. आता ती संख्या 41 आहे. दुष्काळी जिल्ह्यांची वर्षावार तुलना करणारे तक्ते हे ध्यानात न घेता छापले जातात.

इंदिरा गांधी कालव्याने चित्र बदलले, पण सरसकट नाही. 1958 मध्ये काम सुरू झाले. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासूनचा, मुख्य कालव्याला पाणी पोचवणारा सुमारे 204 किलोमीटरचा फीडर आणि 445 किलोमीटरचा मुख्य कालवा मिळून पाणी जैसलमेरपर्यंत गेले. गंगानगर-हनुमानगडचा पट्टा आता पाऊस हुकला म्हणून उपाशी राहत नाही. उलट तिथे खाली कठीण थर असलेल्या जमिनीत जादा पाणी मुरून ती पाणथळ आणि खारी झाली; स्थानिक लोक त्याला सेम म्हणतात. असाच थर 2006 च्या ऑगस्टमध्ये बाडमेरला नडला. तीन दिवसांत वर्षाच्या सरासरीहून अधिक पाऊस झाला आणि कवास गावाच्या सखल भागात पाणी मुरायला वाटच नसल्याने ते कित्येक महिने साचून राहिले.

म्हणून टक्केवारी वाचताना पाया आधी पाहावा. जैसलमेरची जूनची सरासरी इतकी थोडी की एका वादळी पावसाने ती दोन-तीनशे टक्क्यांवर जाते. जून 2023 मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या अवशेषांनी बाडमेर, जालोर, सिरोही धुऊन काढले, ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला, आणि हंगामाची बेरीज तरीही सरासरीच्या वरच राहिली. दुसरीकडे पूर्वेतले जयपूर, अलवर, दौसा हे जिल्हे पावसात बरे असूनही भूजलात बुडीत आहेत. राज्यात दरवर्षी जमिनीत जेवढे पाणी मुरते त्याच्या सुमारे दीडपट उपसा होतो. तिथली विहीर एका चांगल्या पावसाळ्याने वर येत नाही, आणि पावसाच्या नकाशावर ते गाव हिरवेच दिसत राहते.