टेकडीच्या अलीकडे, टेकडीच्या पलीकडे

रवांडाला हजार टेकड्यांचा देश म्हणतात. एफएम रेडिओच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी आली की तिच्यामागे जणू सावली पडते आणि त्या सावलीतल्या गावात नुसती खरखर ऐकू येते. शेजारशेजारची दोन गावं, भाषा तीच, शेती तीच, गरिबीही तीच. पण एकात रेडिओ लागतो, दुसऱ्यात नाही.

१९९४ च्या एप्रिलपासून सुमारे १०० दिवसांत या देशात आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य समाजातली. आरटीएलएम हे रेडिओ केंद्र तुत्सींना ‘झुरळं’ म्हणत होतं, त्यांना संपवायला चिथावत होतं. या चिथावणीने किती जण मारेकरी झाले? डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या अर्थशास्त्रज्ञाने हे मोजायचं ठरवलं. केंद्राचे दोन मनोरे कुठे होते, त्यांची ताकद किती होती, मधली जमीन किती उंचसखल होती, हे सगळं संगणकात घालून त्याने गावोगावी रेडिओ कितपत पोचत होता ते काढलं. मग ‘गचाचा’ या गावपातळीवरच्या न्यायालयांतल्या खटल्यांच्या आकड्यांशी ते ताडून पाहिलं. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्याचा अंदाज असा, की हिंसेत सामील झालेल्यांपैकी सुमारे १० टक्के, म्हणजे ५० हजारांच्या घरातली माणसं, रेडिओमुळे त्यात ओढली गेली.

मला त्याहून हादरवून गेली ती पुढची गोष्ट. आजूबाजूच्या गावांत रेडिओ पोचत असेल, तर खरखर ऐकणाऱ्या गावातही संघटित टोळ्यांची हिंसा वाढली होती.

असं का होतं, याचं एक साधं गणित मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मांडलं होतं. चौकात १०० माणसं आहेत. पहिला कोणाचीही वाट न पाहता दगड उचलतो. दुसरा एकाला पाहून उचलतो, तिसरा दोघांना पाहून, आणि शेवटचा ९९ जणांना पाहून. पूर्ण चौक पेटतो. आता फक्त दुसरा माणूस बदला. त्याला एक नव्हे, दोघं दिसायला हवेत. पहिला दगड पडतो, आणि पुढे काहीच होत नाही. बाकीचे ९९ जण जसेच्या तसे आहेत, तरी एका चौकात दंगल आणि दुसऱ्यात एक फुटलेली काच. दंगलीनंतर आपण सर्रास म्हणतो, ‘तिथले लोकच तसे.’ हे वाक्य किती चुकीचं असू शकतं ते इथे दिसतं.

जोशुआ एपस्टाइन या संशोधकाने २००२ मध्ये अशी कल्पित माणसं संगणकाच्या चौकटींवर सोडली. प्रत्येकाला गाऱ्हाणं, भीती आणि जवळपासचंच पाहणारी नजर दिली. एका प्रयोगात दोन गट शेजारी राहत होते आणि त्यांच्यात वैर पेरलेलं होतं. शांतिसैनिक नसले की एक गट साफ नाहीसा व्हायचा. सैनिक घातले की संहार लांबायचा, पण किती लांबेल ते दर खेपेला वेगळं. अशी प्रतिकृती तारीख सांगत नाही, ती धोका कुठे दाटलाय ते सांगते. प्रत्यक्षात, संहार ऐन भरात असताना, २१ एप्रिल १९९४ रोजी संयुक्त राष्ट्रांनी रवांडातलं सुमारे २,५०० जणांचं शांतिदल २७० वर आणायचा ठराव केला.

इशारे आता आधी मिळू लागले आहेत. अमेरिकेतलं होलोकॉस्ट संग्रहालय आणि डार्टमथ कॉलेज यांच्या, कत्तलींचा धोका आधी ओळखणाऱ्या पूर्वसूचना प्रकल्पात बालमृत्यूदरासारखे आकडेही वापरतात. बालमृत्यूमुळे कत्तल होते असं नाही, पण राज्ययंत्रणा आपल्या माणसांची किती काळजी घेते याचा अंदाज त्या आकड्यावरून येतो. २०१५ मध्ये या प्रकल्पाच्या धोक्यातल्या देशांच्या यादीत म्यानमार सर्वांत वर होता. ऑगस्ट २०१७ पासून तिथले सात लाखांहून जास्त रोहिंग्या मुस्लिम जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाले.

रवांडातलं ते रेडिओ केंद्र विमानातून जाम करायचा विचार मे १९९४ मध्ये अमेरिकेत झाला होता. संरक्षण खात्याच्या टिपणात उड्डाणाचा खर्च तासाला सुमारे ८,५०० डॉलर लिहिला होता. उपाय महाग आणि फारसा परिणामकारक नाही, असा शेरा पडला आणि विमान गेलं नाही.