हाक पोहोचते का? लोकल नेटवर्कवर उपकरणं एकमेकांना कशी शोधतात

प्रिंटर चालू आहे, त्याच्यावरचा वायफायचा दिवा स्थिर आहे, लॅपटॉपवर इंटरनेट व्यवस्थित चालतंय, आणि तरीही प्रिंटरच्या यादीत काहीच दिसत नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी प्रिंटर बंद करून चालू करतात, मग राउटर, मग लॅपटॉप. कधी कधी त्याने काम होतंही, पण नेमकं कशामुळे झालं ते कळत नाही आणि चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकार होतो. खरं तर इथे दोन वेगळी कामं आहेत. उपकरण सापडणं हे एक आणि त्याच्याशी जोडलं जाणं हे दुसरं. दोघांच्या वाटा वेगळ्या आणि बिघाडही वेगळे. यादीत न दिसणाऱ्या प्रिंटरपर्यंत पुष्कळदा सहज पोहोचता येतं. फक्त त्याला मारलेली हाक वाटेत कुठेतरी अडलेली असते.

‘हाक’ हा शब्द इथे नुसता अलंकार म्हणून आलेला नाही. इंटरनेटवर एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता हवा असेल तर विचारायला डीएनएस सर्व्हर असतो. लोकल नेटवर्कवर सहसा असा कुणी नोंदी ठेवणारा नसतो. राउटरकडे वाटलेल्या पत्त्यांची यादी असते, पण छपाई कोण करून देतं, गाणी कोण वाजवतं, फायली कुणाकडे आहेत, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारायची आणि ज्याच्याकडे ते काम असेल त्याने ओ द्यायची, अशी पद्धत पडली.

सगळ्यात खालच्या पातळीवरची हाक म्हणजे एआरपी. समजा, लॅपटॉपचा आयपी पत्ता १९२.१६८.१.२० आहे, प्रिंटरचा १९२.१६८.१.३७ आहे आणि दोघांचा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आहे. या मास्कचा अर्थ असा, की पहिले तीन आकडे जुळले तर दोघं एकाच नेटवर्कवर आहेत. लॅपटॉप हे ताडून बघतो आणि राउटरच्या रूटिंगला न विचारता प्रिंटरशी थेट बोलायचं ठरवतो. पण वायफाय किंवा केबलवरून पॅकेट पाठवायचं तर आयपी पत्ता पुरत नाही, समोरच्याचा ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या वायफाय किंवा केबलच्या जोडणीचा ओळख-क्रमांक, लागतो. तो माहीत नसतो. मग लॅपटॉप एक छोटं पॅकेट सोडतो. त्यात स्वतःचा मॅक, स्वतःचा आयपी आणि हवा असलेला आयपी भरलेला असतो. चौथा रकाना, म्हणजे समोरच्याचा मॅक, शून्यं टाकून रिकामा ठेवलेला असतो. हे पॅकेट ज्या पत्त्यावर जातं त्याचे ४८ च्या ४८ बिट ‘१’ असतात. याचा अर्थ ‘सगळ्यांसाठी’. नेटवर्कवरचं प्रत्येक उपकरण ते वाचतं. ज्याचा आयपी १९२.१६८.१.३७ आहे तेच रिकामा रकाना भरून उत्तर पाठवतं, आणि तेही गाजावाजा न करता थेट लॅपटॉपलाच. लॅपटॉप ती जोडी आपल्या तक्त्यात काही काळ जपून ठेवतो. डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये मांडलेली ही रचना आयपीव्ही४ वर आजही जवळपास तशीच चालते.

ही हाक राउटर ओलांडत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवायचं. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरला मागून आपला दुसरा राउटर जोडला, की घरात नकळत दोन नेटवर्क तयार होतात. एकावर १९२.१६८.०.x असे पत्ते, दुसऱ्यावर १९२.१६८.१.x असे. आतल्या राउटरवरून बाहेरच्या राउटरवरच्या प्रिंटरपर्यंत पत्ता टाकून पोहोचता येतं, कारण आतला राउटर बाहेर जाणारी पॅकेटं पुढे पाठवतो. उलट दिशेने मात्र जाता येत नाही, आणि शोधाची हाक दोन्ही दिशांना अडते. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे दुसरा राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ किंवा ‘ब्रिज’ मोडमध्ये टाकणं.

एखाद्या उपकरणाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पुढचं काही तपासूच नका. त्याने पत्ता मागितला, पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून (हे काम सहसा राउटर करतो) उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता घेतला, एवढाच त्याचा अर्थ. केबल, वायफायचा पासवर्ड किंवा राउटर यांपैकी कुठेतरी दोष आहे.

पत्ता माहीत असेल तर एआरपी पुरतं. पण माणसाला पत्ता नको असतो, ‘प्रिंटर’ हवा असतो. ते काम मल्टिकास्ट डीएनएस करतं. अॅपलने २००२ मध्ये ते ‘रान्देव्हू’ नावाने आणलं, २००५ मध्ये त्याचं नाव ‘बॉन्जूर’ झालं, आणि स्टुअर्ट चेशायर व मार्क क्रोकमल यांनी लिहिलेलं त्याचं प्रमाणित रूप फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. लिनक्सवर हेच काम ‘अवाही’ करतं. यातली हाक सगळ्यांसाठी नसते, २२४.०.०.२५१ या गटाचं ऐकणाऱ्यांसाठी असते आणि ती यूडीपी या पोच न मागणाऱ्या पद्धतीने ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे उपकरणातल्या एका ठरावीक सेवेच्या दारावर, जाते.

लॅपटॉप विचारतो, ‘आयपीपी (नेटवर्कवरून छपाईची प्रमाणित पद्धत) वापरून छपाई करून देणारं इथे कोण आहे?’ त्यावर प्रिंटरचं उत्तर चार नोंदींचं असतं. पीटीआर नोंदीत माणसाने वाचायचं नाव असतं. एसआरव्ही नोंदीत यंत्राचं ‘.लोकल’ने संपणारं नाव आणि पोर्ट असतं. आयपीपीसाठी हे पोर्ट साधारणपणे ६३१. टीएक्सटी नोंदीत रंगीत छपाई होते का, कागदाच्या दोन्ही बाजूंना होते का, असा तपशील असतो. शेवटच्या ‘ए’ नोंदीत आयपी पत्ता असतो. एकाच वेळी अनेकांनी ओ देऊन गोंधळ होऊ नये म्हणून अशा सामाईक प्रश्नाला उत्तर देण्याआधी प्रत्येक उपकरण २० ते १२० मिलिसेकंद स्वैरपणे थांबतं. विचारणाराही आपल्याला आधीच ठाऊक असलेली उत्तरं प्रश्नासोबतच पाठवतो, म्हणजे ज्यांची नावं त्यात आहेत ते गप्प राहतात. नवं उपकरण आपलं नाव घेण्याआधी २५० मिलिसेकंदांच्या अंतराने तीनदा विचारून घेतं, की हे नाव आधीच कुणाचं आहे का. असेल तर ते नावापुढे ‘२’ लावून नवं नाव घेतं. यादीत एकाच प्रिंटरचं ‘-२’ जोडलेलं नाव अचानक दिसू लागलं, तर कारण बहुधा हेच असतं. पुष्कळदा ते उपकरण वायफाय आणि केबल अशा दोन्ही वाटांनी जोडलेलं असतं आणि स्वतःचीच हाक त्याला परक्याची वाटते.

या नोंदींना मुदत असते, आणि अनेकांना छळणारं एक कोडं या मुदतींमध्येच दडलेलं आहे. यंत्राच्या नावाशी बांधलेल्या नोंदी, म्हणजे एसआरव्ही आणि ‘ए’, यांची शिफारस केलेली मुदत १२० सेकंद आहे. बाकीच्यांची ७५ मिनिटं. उपकरण रीतसर बंद केलं तर ते जाताना शून्य मुदतीची नोंद पाठवून निरोप घेतं आणि नाव यादीतून लगेच जातं. पण थेट प्लग ओढला तर निरोप कुणालाच मिळत नाही. पत्ता दोन मिनिटांत शिळा होतो, नाव मात्र सव्वा तासापर्यंत यादीत टिकू शकतं. ‘नाव दिसतंय पण जोडलं जात नाही’ अशा वेळी आधी ते उपकरण चालू आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन बघावं.

शोधाची हीच एक भाषा असती तर बरं झालं असतं. टीव्ही आणि गाणी-चित्रपट वाजवणारी बरीच उपकरणं एसएसडीपी बोलतात. त्यांचा गट २३९.२५५.२५५.२५० आणि पोर्ट १९००. विंडोजचा डब्ल्यूएस-डिस्कव्हरी हा प्रकार तोच गट वापरतो, पण पोर्ट ३७०२. त्यामुळे एकच प्रिंटर फोनला दिसावा आणि संगणकाला दिसू नये, यात नवल काही नाही. दोघं वेगवेगळ्या भाषांत हाका मारतात आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये त्यातली एक बंद असू शकते.

हाक अडण्याची सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे गेस्ट नेटवर्क. तिथे उपकरणांना इंटरनेट मिळतं, पण एकमेकांशी बोलता येत नाही. पाहुण्यांसाठी ते योग्यच आहे. मुख्य नेटवर्कवरही ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ नावाची सेटिंग चुकून चालू राहिलेली असते. त्यानंतर संशय घ्यावा तो आपल्याच संगणकाचा. विंडोजने नेटवर्कला ‘पब्लिक’ ठरवलं असेल तर नेटवर्क डिस्कव्हरी मुळातच बंद असते. विश्वासाचं नेटवर्क असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करावं. आयफोनवर आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, लोकल नेटवर्कवर शोध घेण्यासाठी प्रत्येक अॅपला वेगळी परवानगी लागते. घाईत ‘नको’ म्हटलं की ते अॅप पुढे काहीच शोधू शकत नाही, आणि त्याचं कारणही धड सांगत नाही. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये ‘लोकल नेटवर्क’ उघडून ती परवानगी परत देता येते. व्हीपीएन चालू असेल तर तो आधी बंद करून बघा.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर मात्र विनाकारण खापर फोडलं जातं. एकाच राउटरचे हे दोन पट्टे सहसा एकाच नेटवर्कचे भाग असतात, आणि फोन ५ वर व बल्ब २.४ वर असला तरी दोघं बोलू शकतात. अडचण येते ती पहिल्या जोडणीत. पुष्कळ छोट्या उपकरणांत फक्त २.४ चा रेडिओ असतो, त्यामुळे केवळ ५ वर असलेलं वायफायचं नाव त्यांना दिसतच नाही.

वायफायवर या हाकेची आणखी एक जन्मजात कमजोरी आहे. एकाला उद्देशून पाठवलेल्या पॅकेटची पोच मिळते, पोच आली नाही तर ते पुन्हा पाठवलं जातं. अनेकांना उद्देशून अॅक्सेस पॉइंटने, म्हणजे वायफाय देणाऱ्या उपकरणाने, सोडलेल्या पॅकेटला पोच नसते. ते हरवलं तर हरवलं. म्हणून सिग्नल जेमतेम असतो तिथे ब्राउझर चालतो, पण शोध फसतो. आणि उपकरण सुरुवातीला दिसून साधारण चार-साडेचार मिनिटांनी नाहीसं होत असेल तर ‘आयजीएमपी स्नूपिंग’ तपासा. या सोयीमुळे स्विच गटाची पॅकेटं फक्त त्या गटातल्या उपकरणांकडेच पाठवतो. सभासद अजून आहेत का, हे ठरावीक काळाने विचारणारं नेटवर्कवर कुणी नसेल तर नेहमीच्या मुदतींप्रमाणे २६० सेकंदांनी स्विच सभासदत्व रद्द करतो. याचा फटका मुख्यतः २३९ ने सुरू होणाऱ्या गटाला बसतो; २२४.०.० ने सुरू होणारे पत्ते सगळीकडे पोहोचवावेत, असा संकेत आहे.

आता तपासणीचा क्रम. प्रिंटरच्या पडद्यावरून किंवा राउटरच्या पानावरून त्याचा आयपी पत्ता मिळवा आणि त्याला पिंग करा, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारणारं छोटं पॅकेट पाठवा. उत्तर आलं तर वाट मोकळी आहे, दोष फक्त शोधात आहे. उत्तर आलं नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका. विंडोज किंवा अॅपलच्या मॅक संगणकावर ‘एआरपी -ए’ आणि लिनक्सवर ‘आयपी नेबर’ ही आज्ञा देऊन तक्ता बघा. त्या पत्त्यापुढे मॅक पत्ता भरलेला दिसला तर उपकरण जागं आहे, त्याने एआरपीच्या हाकेला ओ दिली आहे; फक्त त्याचा फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही. नोंद नसेल किंवा अपुरी असेल तर हाकच पोहोचलेली नाही. अशा वेळी आयसोलेशन, वेगळं नेटवर्क किंवा बंद पडलेलं उपकरण, यांच्याकडे वळा.

पुढची पायरी पोर्टची. ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असं तत्काळ आलं तर ती चांगली खूण आहे: बहुधा उपकरणापर्यंत पोहोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. बराच वेळ थांबून ‘टाइम आउट’ आलं तर पॅकेट कुठेतरी गिळलं गेलं आहे.

पत्ताच माहीत नसेल तर एनमॅप हे साधन आपल्या स्वतःच्या नेटवर्कवर वापरा. ‘एनमॅप -एसएन १९२.१६८.१.०/२४’ ही आज्ञा त्या नेटवर्कच्या सगळ्या २५६ पत्त्यांना विचारून येते. प्रशासकाचे अधिकार देऊन चालवली तर ती एआरपी वापरते, त्यामुळे पिंगला गप्प राहणारी उपकरणंही सापडतात. सोबत मॅकच्या पहिल्या २४ बिटांवरून उत्पादकाचं नाव दिसतं. मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नाही, बहुधा फोनने स्वतः तयार केलेला आहे. त्यावरून उत्पादक ओळखता येत नाही.

उपकरण एकदा सापडलं की राउटरमध्ये त्याच्या मॅकसाठी पत्ता राखून ठेवा आणि संगणकावर प्रिंटर त्या पत्त्यानेच जोडा. मग शोध फसला तरी छपाई अडत नाही. उपकरणातच पत्ता हाताने भरण्यापेक्षा हे बरं, कारण हाताने भरलेला पत्ता राउटर दुसऱ्या कुणाला देऊन बसण्याची शक्यता राहते.

एक गोष्ट मात्र या साऱ्या पद्धतीत नाही: ओ देणारा खरोखर तोच आहे का, याची खात्री. नेटवर्कवर शिरलेलं कोणतंही यंत्र एआरपीला किंवा ‘.लोकल’ नावाला खोटं उत्तर देऊ शकतं. म्हणून कॅमेरे आणि राउटरचे कारखान्यातून आलेले पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावेत. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने अशाच पासवर्डांवर लाखो उपकरणं ताब्यात घेतली होती. आणि दुसऱ्या यंत्रावर नेटवर्कवरून आज्ञा देण्याचं साधन असलेलं एसएसएच पहिल्या जोडणीच्या वेळी त्या यंत्राच्या ओळख-किल्लीचा जो ठसा दाखवतं, तो डोळे मिटून मान्य करू नये. नंतर कधी ‘किल्ली बदलली आहे’ असा इशारा आला तर पुष्कळदा एवढंच झालेलं असतं, की तो पत्ता आता दुसऱ्या उपकरणाला मिळाला आहे. तरी जुनी नोंद पुसण्याआधी त्या उपकरणाला पडदा आणि कीबोर्ड जोडून ठसा तिथेच वाचावा आणि दोन्ही अक्षर न् अक्षर ताडून बघावेत.